देवास गेटावरचे ‘झिंगाट’ : अजय-अतुल यांची गाणी, माध्यमे आणि आपली मराठी



लग्नसराईत संध्याकाळी देवास गेटाकडून घरी परतताना वरातीत अडकण्याचा प्रसंग आपणा सर्वांवर आलेला आहे. एका बाजूला बसस्टँडमधून बाहेर पडणाऱ्या गाड्या, दुसऱ्या बाजूला स्टेशनावरून महाकाळाच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू, आणि मधोमध दिव्यांची झुंबरे डोक्यावर घेतलेली माणसे, बँड आणि घोडी. गेल्या हिवाळ्यात अशाच एका वरातीमुळे माझी रिक्षा थांबली. बँडवर ‘झिंगाट’ वाजत होते. वरात मराठी माणसांची नव्हती, हे साफ्यांवरून दिसत होते. पण पोरे काय, काकू-मावश्या काय, सगळ्या बेभान नाचत होत्या. रिक्षावाला मान डोलावत म्हणाला, “साब, धड़क का गाना है.” मी म्हटले, “भैया, ये पहले मराठी में था.” त्याने मागे वळून पाहिले आणि खऱ्या आश्चर्याने विचारले, “अच्छा, मराठी में भी बना है?”

त्या ‘भी’ने मला रात्रभर झोप लागू दिली नाही, असे म्हणणार नाही, पण तो ‘भी’ मनात राहिला. एक गाणे एका भाषेतून निघते, गावोगाव पोचते, आणि पोचेपर्यंत त्याची मूळ भाषा वाटेत कुठे तरी उतरून गेलेली असते. हे कसे होते? गाणे लोकांपर्यंत नेणारी माध्यमे कोणती, ते घडवणारे हात किती, आणि उज्जैनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी घरांना त्यातून काय शिकता येईल? यंदाच्या पुष्पासाठी हा विषय मी घेतला आहे. उदाहरण म्हणून अजय आणि अतुल गोगावले या बंधूंचे काम आपल्यापुढे ठेवतो.

दोन भाऊ

अतुल थोरले, अजय धाकटे. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बालपण पुणे जिल्ह्यातल्या बदलीच्या गावांत गेले. घरात संगीताची परंपरा नव्हती आणि वाद्येही नव्हती. ज्याच्याकडे वाद्य असेल त्याच्याशी मैत्री करायची आणि त्याच्याकडे जाऊन हात साफ करायचा, ही त्यांची शाळा. हे त्यांनी मुलाखतींतून पुष्कळदा सांगितले आहे. गावच्या जत्रा, भजने, बँड, गोंधळ आणि रेडिओ-टेपवरची गाणी यांतून कान तयार झाला. गुरूकडे रीतसर गंडा बांधलेला नाही, तरी ऐकणे मात्र अफाट.

‘विश्वविनायक’ हा त्यांचा गणेशस्तोत्रांचा संग्रह २००१ च्या सुमारास आला. तो आपल्यापैकी कित्येकांच्या घरी गणपतीच्या दिवसांत अजून लागतो. त्यात एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांचे आवाज आहेत. म्हणजे पहिल्या महत्त्वाच्या कामातच दोन मराठी तरुण, संस्कृत शब्द आणि दोन थोर गायक असा मेळ जमला होता. पुढे केदार शिंदे यांच्या ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४) या चित्रपटातली ‘मल्हारवारी’ आणि ‘मन उधाण वाऱ्याचे’ ही गाणी घराघरांत पोचली. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’साठी त्यांना संगीतदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याच चित्रपटातल्या ‘जीव रंगला’ या गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही. २०१० साली ‘नटरंग’ आला, २०१२ साली हिंदी ‘अग्निपथ’, आणि २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’. ‘झिंगाट’ त्यातले.

गाणारा आपल्याला भेटतो कुठे?

संगीतकार आणि श्रोता यांच्यामध्ये नेहमीच कुणीतरी उभे असते. आपल्या आजोबांच्या काळी तो रेडिओ होता. पुणे आकाशवाणीवर १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ‘गीतरामायण’ चालले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, छप्पन्न गीते. दर आठवड्याला एक नवे गीत ऐकायचे म्हणजे आठवडाभर वाट पाहायची. त्या वाट पाहण्यामुळे शब्द पाठ होत.

रेडिओवर काय लागावे हे ठरवणाराही कुणी असतो. १९५२ साली केंद्रात नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम असा झाला की लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली आणि अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ देशभर गाजली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. श्रोत्याला हवे ते एका दारातून नाकारले तर तो दुसऱ्या दारातून आणतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्या काळात संगीतकाराचे नाव ऐकू येई, चेहरा दिसत नसे. सी. रामचंद्र म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातले चितळकर. ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) यांची गाणी सगळ्या हिंदुस्थानने डोक्यावर घेतली. गाताना ते ‘चितळकर’ हे नाव लावीत. तरी बिहार-पंजाबातल्या किती श्रोत्यांना हा माणूस मराठी आहे हे ठाऊक असेल?

आजचा संगीतकार मात्र पडद्यावर समोर बसतो. २०२१ च्या अखेरीस सोनी मराठी वाहिनीवर ‘इंडियन आयडल मराठी’ सुरू झाले, तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांवर अजय-अतुल होते. अशी खुर्ची काय करते ते पाहा. गाणे संपल्यावर परीक्षक बोलतो: इथे श्वास चुकला, इथे शब्द गिळला, या जागेला चाल अशी का बांधली. घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला प्रथमच कळते की गाणे ‘घडवलेले’ असते. शिवाय मंचावर हे दोघे मोठा वाद्यवृंद आणि कोरस घेऊन आपलीच गाणी सादर करतात. एक भाऊ गातो, दुसरा सगळ्यांना सांभाळतो. म्हणजे चेहरा, आवाज, बोलणे आणि गाव, सगळे एकदम श्रोत्यापर्यंत येते.

यात तोटाही आहे. दूरदर्शनच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सगळे एकाच वेळी मिळते, त्यामुळे वाट पाहणे गेले आणि पाठांतरही गेले. गाण्याचे तीस सेकंद कापून त्यावर नाचायचे, एवढ्यावर पुष्कळांचे भागते. उरलेले कडवे कोणी ऐकतच नाही.

एका गाण्यामागचे हात

आपण सहज म्हणतो, ‘अजय-अतुलचे गाणे’. पण एका गाण्यात किती माणसे असतात हे उलगडून पाहण्यासारखे आहे. चाल बांधणारा एक, शब्द लिहिणारा दुसरा, त्या चालीभोवती वाद्यांची मांडणी करणारा तिसरा, मग वादक, गायक, ध्वनिमुद्रण करणारे, आणि शेवटी सगळे आवाज एकमेकांत बसवणारे.

‘नटरंग’चे शब्द गुरू ठाकूर यांचे. आनंद यादवांची कादंबरी, तमाशाचे जग, त्यामुळे लावणीची भाषा अवगत असलेला कवी हवा होता. ‘जोगवा’मध्ये यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींचे जग आले, तेव्हा तिथे चौंडके आणि तुणतुणे यांचा आवाज केंद्रस्थानी आला. ‘कोंबडी पळाली’ला आनंद शिंदे यांचा रांगडा आवाज लागला आणि वैशाली सामंत यांचा ठसका. कोणते गाणे कोणाच्या गळ्यात शोभेल हे ओळखणे, ही संगीतकाराची निम्मी विद्या.

‘सैराट’साठी त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. करमाळा तालुक्यातल्या पोरापोरीच्या प्रेमकथेसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे मुद्रण अमेरिकेत, हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत केले. हा खर्चाचा दिखावा नव्हे. चाळीस-पन्नास माणसे एकाच खोलीत व्हायोलिने वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा गज किंचित वेगळ्या क्षणी आणि वेगळ्या दाबाने फिरतो. त्या सूक्ष्म फरकांतून आवाजाला जी भरगच्च ऊब येते ती कीबोर्डच्या कळीतून येत नाही. आपल्याकडे हे पूर्वी होतेच. सी. रामचंद्रांच्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याचे वादक बसत, स्वरलिपी लिहून घेत, ट्रंपेट आणि व्हायोलिनचे ताफे उभे करीत. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे गोमंतकीय ट्रंपेटवादक सी. रामचंद्रांचे सहायक होते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत यंत्रे आली आणि हे ताफे पांगले. अजय-अतुल यांनी त्या जुन्या पद्धतीकडे परत जाऊन शेतातल्या विहिरीवर घडणाऱ्या प्रेमाला सिंफनीचा मान दिला. गरीब घरच्या मुलाच्या पहिल्या प्रेमालाही राजवाड्यातल्या प्रेमाइतकेच मोठे संगीत लाभावे, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो.

आणि या सहकार्यात आपला माळवाही आहे बरे का! शाहरुख खानच्या ‘झीरो’ (२०१८) या चित्रपटातले ‘मेरे नाम तू’ हे अजय-अतुल यांचे गाणे इंदूरच्या अभय जोधपुरकर यांनी गायिले आहे. त्याआधी मणिरत्नम यांच्या ‘कडल’ या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांच्याकडे ते गायिले होते. देवास गेटावरून बस धरली की दीड-दोन तासांत जे शहर येते, तिथला मुलगा तमिळ आणि हिंदीत गातो आहे. ही गोष्ट आपल्या नातवंडांना सांगावी अशी आहे.

भाषांतर होताना काय उरते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गाणे दुसऱ्या भाषेत जाते तेव्हा चाल तशीच राहते, शब्द बदलतात. ‘गीतरामायणा’चेही पुढे अनेक भाषांत अनुवाद झाले, ते मूळ चालींवरच म्हणता यावेत असे. यात अनुवादकाची कसोटी लागते. चालीत जिथे स्वर लांबतो तिथे दीर्घ अक्षर हवे, जिथे ठोका पडतो तिथे जोरकस अक्षर हवे. अर्थ मागाहून येतो, आधी मात्रा.

अजय-अतुल यांचीच दोन गाणी शेजारी ठेवा. ‘जत्रा’ (२००६) चित्रपटातले ‘कोंबडी पळाली’ त्यांनीच पुढे ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ म्हणून आणले. अक्षरे मोजून पाहा. कों-ब-डी-प-ळा-ली, सहा. चि-क-नी-च-मे-ली, सहा. तिसरे अक्षर दोन्हीकडे ‘नी’-‘डी’ असे दीर्घ ईकारान्त, आणि शेवट दोन्हीकडे ‘ली’. म्हणजे चालीचे माप तंतोतंत सांभाळले आहे. पण कोंबडी गेली, तिच्यासोबत गावरान गंमत गेली, आणि हिंदीला न पेलणारा ‘ळ’ही गेला. मराठीचा एकही शब्द शिल्लक नाही. ते गाणे ऐकताना मूळ मराठी आहे हे ओळखायला काही खूणच राहिली नाही.

‘झिंगाट’चे तसे झाले नाही. २०१८ साली ‘धडक’ हा ‘सैराट’चा हिंदी अवतार आला. गीतकार अमिताभ भट्टाचार्य यांनी बाकीचे शब्द हिंदीत नवे लिहिले, पण ‘झिंगाट’ हा शब्द जागचा हलला नाही. का? कारण तिथे शब्द आणि ठेका वेगळे करताच येत नाहीत. ‘झिं’वर जो आघात पडतो आणि ‘गाट’वर जी उडी आहे, तीच त्या गाण्याची नाडी आहे. दुसरा शब्द घातला असता तर चालच मोडली असती. त्यामुळे हिंदी बोलणाऱ्या कोट्यवधी लोकांच्या तोंडी एक मराठी शब्द नकळत बसला. देवास गेटावर नाचणाऱ्या त्या मावशी हिंदी गाणे म्हणत होत्या, पण ओरडत होत्या ते मराठीतच!

तिसरी पायरी बँडची. तिथे शब्दच नाहीत, नुसती चाल. तिथे गाणे कुणाचेच नसते आणि सगळ्यांचे असते. आपल्याला यात दुःख मानायचे कारण नाही. कुमार गंधर्व १९४८ साली प्रकृतीसाठी देवासला येऊन राहिले आणि आजारपणात खिडकीतून येणारी माळवी लोकगीते ऐकत गेले. त्या धुनांतून त्यांनी जे उभे केले त्याला आपण आज डोक्यावर घेतो. ज्यांच्या गळ्यातून त्या धुना आल्या त्या माळवी बायकांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. कानडी मुलखातून आलेल्या गवयाने माळव्याकडून घेतले. आता माळवा मराठी चालीवर नाचतो आहे. देवघेव दोन्ही बाजूंनी चालू असते. घेतल्याची आठवण मात्र ठेवावी, एवढेच.

आपली मराठी आणि ‘याड’

आता थोडे आपल्या घरात डोकावू. ‘सैराट’ आला तेव्हा आपल्या पिढीतल्या पुष्कळांनी नाक मुरडले. ‘याड काय, बया काय, ही कसली मराठी?’ असे मीही म्हणालो होतो. मग एकदा पुण्याच्या एका नातेवाइकांकडे लग्नाला गेलो असता मी फोनवर “येऊन राहिलो आहे” असे बोललो, आणि सगळे खो-खो हसले. त्यांच्या दृष्टीने माझी मराठी हिंदीच्या पाण्याने पातळ झालेली. तेव्हा लक्षात आले की ‘याड’ला हसणारा मी आणि ‘येऊन राहिलो’ला हसणारे ते, यांत फरक काहीच नाही.

करमाळ्याच्या बोलीला ना पुस्तकात जागा होती, ना वाहिनीवर. तिला लाज न वाटता चित्रपटात आणले गेले, आणि तो चित्रपट शंभर कोटींच्या वर गल्ला जमवणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. मग शिंद्यांच्या काळापासून क्षिप्रेच्या काठी बोलली जाणारी आपली मराठी आपण का लपवावी? आपल्या घरांतली कित्येक मुले मराठी समजतात पण बोलत नाहीत. त्यांना विचारा, तर ती सांगतील की चूक झाली की मोठे हसतात. चुकीच्या भीतीने गप्प बसलेले मूल हिंदीकडे वळते, कारण तिथे त्याला कोणी हसत नाही. यात दोष त्या मुलाचा नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. नातवंडांच्या फोनवर ही गाणी आहेतच; त्यांना ती बंद करायला सांगू नका. त्यांच्याबरोबर एकदा पूर्ण ऐका, आणि शब्दांवर बोला. ‘सैराट’ म्हणजे मोकाट सुटलेले, लगाम नसलेले. ‘याड’ म्हणजे आपले वेडच, फक्त वेगळ्या गावचे. ‘मल्हारवारी’ ऐकताना आपल्या कुळाचा खंडोबा कोणता, जेजुरी कुठे आहे, आपल्याकडे लग्नानंतर जागरण-गोंधळ घालतात तो का, हे सांगता येते. गोंधळी आता सहज मिळत नाहीत. निदान गाण्याच्या निमित्ताने संबळ कशाला म्हणतात हे तरी पुढच्या पिढीला कळेल.

आणि एक गोष्ट

‘झिंगाट’ वरातीत वाजते याचा आनंद आहे, पण ते कोणत्या गोष्टीतले गाणे आहे हे विसरू नये. परश्या गरीब मासेमाराचा मुलगा, आर्ची पाटलाची मुलगी. समारंभाच्या रात्री हे गाणे रंगते, आणि त्याच रात्री दोघे पकडले जातात. पुढे ती पळून जातात, कष्टाने संसार उभा करतात, आणि जातीच्या अभिमानापायी तिच्याच माणसांकडून मारली जातात. हिंदीत जाताना ही जातीची धार माझ्या मते पुष्कळ बोथट झाली, आणि बँडवर तर ती उरतच नाही. आपल्या घरी लग्न ठरते तेव्हा आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे प्रत्येकाने मनाशी पडताळून पाहावे. मी पडताळले, आणि उत्तर मला अभिमानाचे वाटले नाही.

माझ्या धाकट्या भाचीचे लग्न पुढल्या महिन्यात आहे. मुलगा माळवी, आपल्या जातीचा नाही, भाषेचाही नाही. घरात थोडी कुजबुज झाली, मग विरली. बँडवाल्याला विसार द्यायला मी गेलो होतो, देवास गेटाजवळच. त्याने फर्माईश विचारली. मी म्हटले, “झिंगाट तो बजाना ही.” तो म्हणाला, “वो धड़क वाला ना?” मी म्हटले, “नहीं भैया, सैराट वाला.” तो हसला आणि म्हणाला, “साहब, धुन तो एक ही है.”

धून एकच आहे हे खरे. पण वहीत त्याने ‘सैराट’ असेच लिहून घेतले, आणि मी ते वाचून मगच पैसे दिले.